उभ्या ट्रॅक्टरची बॅटरी

मंडळी, कोल्हार-लोणी पट्ट्यात गळीत हंगाम संपला की ऊस ओढणारे काही ट्रॅक्टर थेट दिवाळीपर्यंत शेडमध्ये उभे असतात. मग बटण दाबलं की नुसतं "टक्"! यावर गावभर एकच सल्ला: "आठवड्यातून पाच मिनिटं चालू करत जा."

माझं स्पष्ट मत, हा सल्ला टाकाऊ आहे. त्या पाच मिनिटांत स्टार्टरने खाल्लेलं जेमतेम परत मिळतं. उभ्या उभ्या उतरलेलं चार्जिंग भरायला काही तास लागतात. बॅटरी अर्धवट राहिली की प्लेटांवर सल्फेट घट्ट बसतं आणि ती कायमची खलास.

अमेरिकेत लोक आपल्या घरगाड्या हिवाळाभर उभ्या करतात. तिथे उतरलेली बॅटरी गोठून फुटण्याची भीती. आपल्याकडे वैरी म्हणजे उन्हाळा. तापमान दहा अंशांनी वाढलं की बॅटरी आपोआप उतरण्याचा वेग साधारण दुप्पट होतो.

म्हणून ट्रॅक्टर उभा करतानाच बॅटरी पूर्ण चार्ज करा, निगेटिव्ह वायर काढून ठेवा, डिस्टिल्ड वॉटरची पातळी बघा. महिन्यातून एकदा मल्टिमीटर लावा: 12.6 व्होल्ट म्हणजे उत्तम, 12.4 च्या खाली गेली की चार्जर. मल्टिमीटर काही शेकड्यांत येतो, नवी बॅटरी काही हजारांत. हिशोब तुम्हीच करा.