भुताचा आवाज
'माइनक्राफ्ट' या खेळाच्या पाताळसदृश प्रदेशात तरंगत अग्निगोल फेकणारे 'गॅस्ट' नामक जे महाकाय शुभ्र भूत आहे, त्याचा अंगावर काटा आणणारा आक्रोश कोणा नामांकित नटाचा नसून, खेळाचे संगीतकार डॅनियल रोझेनफेल्ड यांच्या मांजराचा आहे, हे कळताच भयाची जागा कौतुकाने घ्यावी, यात नवल नाही. ज्यांच्या दिमतीला ना ध्वनिमुद्रणगृह, ना वाद्यवृंद, ना खजिना, अशा एकांड्या खेळकर्त्यांना घरचेच आवाज वापरण्याचा हा मार्ग परिस्थितीनेच दाखविला. आणि मक्याच्या स्टार्चची पुरचुंडी दाबली असता बर्फावरील पावलांचा, किंवा सेलरीचा ताजा दांडा मोडला असता हाड पिचल्याचा भास होतो, ही चित्रपटवाल्यांची जुनी हिकमत त्यांना वारसाहक्काने आयतीच मिळाली. ज्याला एवढाही सरंजाम जमत नाही, त्याच्यासाठी टोमास पेटरसन यांनी २००७ साली, ४८ तासांत खेळ रचण्याच्या 'लुडम डेअर' स्पर्धेच्या निमित्ताने, 'एसएफएक्सआर' हा चिमुकला प्रोग्राम लिहून विनामूल्य खुला केला, ज्यात कळ दाबताच नाणे उचलल्याचा, उडीचा वा स्फोटाचा नवा नाद हजर होतो. सोय मोठी खरी, परंतु त्या नादांवर, माझ्या मते, एकाच टांकसाळीचा शिक्का उमटलेला असतो. याउलट २०१६ च्या 'स्टारड्यू व्हॅली'त चित्रे, संवाद आणि संगीत हा अवघा कारभार एरिक बॅरोन यांनी एकहाती सांभाळला असल्यामुळे, तेथील प्रत्येक ऋतूची सुरावट शेतकामाच्या संथ लयीशी तंतोतंत जुळते, कारण लय ठरविणारा आणि सूर बांधणारा इसम एकच होता.