परके रूप आणि मातीतले इमान

कुत्रा पाळणे हा आमच्या समाजात पूर्वी विचार करण्याचा विषय नव्हता. कोकणातील गावी कुत्रा असे तो अंगणात. त्याला कोणी आणलेला नसे. तो आपण होऊन आलेला असे. उरल्यासुरल्या भाकरीवर तो राही आणि रात्री परका माणूस वाडीत शिरला तर सारी आळी जागी करी. इस्राएलमध्ये वाढलेल्या आमच्या मुलानातवंडांची गोष्ट निराळी आहे. त्यांना कुत्रा घरात हवा, आणि तोही चित्रात पाहिलेला, ज्याचे नाव सांगताच मित्रांनी डोळे विस्फारावेत असा. या नव्या हौसेस आमचा विरोध नाही. परंतु तिच्यात विचार किती आणि देखावा किती, हे तपासण्याची वेळ आली आहे, असे आम्हांस वाटते.

कुत्र्याची जात म्हणजे केवळ केसांचा रंग किंवा कानांची ठेवण नव्हे. एखाद्या प्रदेशात मनुष्याने पिढ्यान्पिढ्या त्याच्याकडून जे काम करून घेतले, त्या कामाचा स्वभाव म्हणजे जात. नॉर्वेच्या किनाऱ्यावरील लुंडेहुंड या कुत्र्याच्या पायाला निदान सहा बोटे असतात. कारण कड्याकपारींत चढून पफिन नावाचे समुद्रपक्षी पकडणे हे त्याचे काम होते. मध्य आफ्रिकेतील बसेंजी इतर कुत्र्यांप्रमाणे भुंकत नाही, आलाप घेतल्यासारखा आवाज काढतो. मांजरासारखा अंग चाटून स्वच्छ राहतो, आणि आज्ञा पाळण्यापूर्वी ती आपणास पटते की नाही हे पाहतो. बेदूइनांचा सलुकी घरात शांत व अबोल असतो. पण मोकळ्या माळावर ससा दिसला की धन्याची हाक त्याच्या कानी पडत नाही. सायबेरियातील चुकची लोकांनी हस्की घडविला तो बर्फावरून गाडी ओढण्यासाठी, दिवसभर धावण्यासाठी. अर्जेंटिनाचा डोगो रानडुकराच्या शिकारीसाठी तयार झाला, तर जपानचा तोसा झुंजीसाठी.

यांपैकी एकही प्राणी वाईट नाही. वाईट असते ती निवड. हस्कीला शिकूनमधील तिसऱ्या मजल्यावरच्या तीन खोल्यांत कोंडावे, दिवसातून दोन वेळा पाच मिनिटे खाली उतरवावे आणि शरव सुटला असता तो धापा टाकीत फरशीवर लोळू लागला, दारे ओरबाडू लागला, की म्हणावे, ‘कुत्रा खोडकर निघाला.’ कुत्रा खोडकर निघालेला नसतो. त्याला त्याचे काम आणि त्याचे हवामान मिळालेले नसते. पुढे काय होते हेही सर्वांना ठाऊक आहे. हौस फिटते, मूल सैन्यात जाते, आणि ते मुके जनावर कोठेतरी सोडून दिले जाते. १९९४ च्या प्राणिसंरक्षण कायद्यान्वये या देशात पाळीव जनावर सोडून देणे हा गुन्हा आहे. परंतु कायद्याच्या आधी ही माणुसकीची गोष्ट आहे.

दूरदूरच्या जातींचे कौतुक करताना आपल्या दाराशी उभ्या असलेल्या एका दुर्मिळ कुत्र्याची मात्र आम्हांस ओळख नसते. तो म्हणजे कनानी कुत्रा, केलेव कनानी. त्याची हकीकत प्रत्येक इस्राएली घरात सांगितली जावी अशी आहे.

रुडोल्फिना मेंझेल या व्हिएन्नात १८९१ साली जन्मलेल्या विदुषी. कुत्र्यांचा स्वभाव व शिक्षण हा त्यांच्या अभ्यासाचा विषय. १९३८ साली त्या पतीसह या भूमीत आल्या. वसाहतींच्या रक्षणासाठी हगानाला शिकविलेले कुत्रे हवे होते. पण युरोपातून आलेल्या नामांकित जातींना येथील उष्मा सोसवेना. तेव्हा मेंझेलबाईंची नजर वाळवंटात, बेदूइनांच्या तंबूंभोवती आणि गावांच्या वेशीवर फिरणाऱ्या बेवारस कुत्र्यांकडे गेली. लोक ज्यांना दगड मारीत, त्यांत त्यांना निवडून उरलेले सामर्थ्य दिसले. ज्याला कोणी खाऊ घातले नाही, औषध दिले नाही, तो जगला तो केवळ आपल्या शहाणपणाने व काटकपणाने. त्यांनी पकडलेल्या एका कुत्र्याचे नाव दुग्मा, म्हणजे नमुना, असे ठेवले. त्याचा विश्वास संपादून त्याला हाती घेण्यास सुमारे सहा महिने लागले. पण नंतर काही आठवड्यांतच तो त्यांच्याबरोबर बसमधून शहरात हिंडू लागला.

या कुत्र्यांनी पहारा केला, निरोप पोहोचविले, दुसऱ्या महायुद्धात जमिनीत पुरलेले सुरुंग हुंगून काढले. पुढे १९४९ साली मेंझेलबाईंनी अंधांना वाट दाखविणाऱ्या कुत्र्यांसाठी संस्था उभारली. १९६६ साली कनानी कुत्र्यास आंतरराष्ट्रीय संघटनेने स्वतंत्र जात म्हणून मान्यता दिली. तिची लक्षणेही मेंझेलबाईंनीच लिहिलेली होती. १९७३ साली त्या निवर्तल्या. शार हगाय येथे १९७० पासून म्यर्ना शिबोलेत यांनी या जातीची जोपासना केली.

कनानी कुत्रा मध्यम चणीचा. उंची ५० ते ६० सेंटिमीटर, वजन १८ ते २५ किलो. कान उभे, अंग वाळूच्या, तांबूस, काळ्या वा पांढऱ्या रंगाचे, आणि शेपूट पाठीवर वळलेले. ‘कुत्र्याचे शेपूट नळीत घातले तरी वाकडे ते वाकडेच’ ही म्हण आम्ही हिणविण्यासाठी वापरीत आलो. येथे तेच वाकडे शेपूट जातिवंतपणाची खूण ठरले आहे.

त्याच्या स्वभावाविषयी मात्र आम्ही वाचकांस भुलविणार नाही. तो सावध आहे, आणि परक्याचा पटकन विश्वास धरीत नाही. तो विनाकारण अंगावर जात नाही. दूर राहून गोल फिरत भुंकतो. हे भुंकणे शेजाऱ्यांस आवडेलच असे नाही. तो शिकतो चटकन, परंतु तेच ते दहा वेळा करावयास सांगितले तर कंटाळतो. मारझोड त्याला मुळीच मानवत नाही. एकदा विश्वास तुटला की तो पुन्हा जोडणे कठीण. उलट लहानपणापासून माणसांत वावरला आणि शांतपणे शिकविला गेला, तर घरातल्या प्रत्येक माणसावर तो जीव लावतो. ज्यांना गुबगुबीत खेळणे हवे आहे त्यांनी त्याच्या वाटेस जाऊ नये. ज्यांना सोबती हवा आहे त्यांनी अवश्य विचार करावा.

आणि तो विचार लवकर करावा, कारण ही जात संख्येने अल्प आहे. वाळवंटातील मूळ कुत्रे रेबीजच्या भीतीने मारले गेले. वस्त्या वाढल्या, रस्ते झाले, आणि उरलेल्यांचा इतर पाळीव कुत्र्यांशी संकर होत गेला. अश्कलोन येथील उत्खननात इसवी सनापूर्वी पाचव्या शतकातील हजाराहून अधिक कुत्र्यांची दफने सापडली. या भूमीत कुत्रा आणि मनुष्य यांचा संबंध इतका जुना आहे. तो आमच्या पिढीच्या बेपर्वाईने केवळ चित्रात उरावा, ही शोभणारी गोष्ट नव्हे.

आमच्या दृष्टीने यात आणखी एक धडा आहे. ज्या देशातून आम्ही आलो, तेथेही देशी कुत्र्यास असेच तुच्छ लेखले गेले. महाराष्ट्र-कर्नाटकच्या सीमाभागातील सडपातळ, वाऱ्यासारखा धावणारा कारवानी कुत्रा धनगर-शेतकऱ्यांनी सांभाळला. शहरी बंगल्यांनी मात्र विलायती कुत्रे मिरविले. त्याच कुत्र्याचे मुधोळ हे नाव घेऊन भारत सरकारने २००५ साली टपाल तिकीट काढले, तेव्हा अनेकांना तो ठाऊक झाला. आपल्या मातीतल्या वस्तूची किंमत दुसऱ्याने सांगावी लागते, हा दोष जुना आहे. माणसाची जनावराशी तुलना करण्याचा आमचा मुळीच हेतू नाही. परंतु १९६२ ते १९६४ या काळात ज्या समाजाला आपल्या कुळाचे दाखले द्यावे लागले, त्या समाजाने तरी कशाचेही मोल केवळ वंशावळीच्या कागदावरून ठरवू नये.

काही वडीलधारी मंडळी म्हणतील, यहुद्याच्या घरी कुत्रा कशाला? मिश्नेत कुत्रा साखळीने बांधल्याखेरीज पाळू नये असे सांगितले आहे, हे खरे. पण त्यातील भाव शेजाऱ्यास भय वा इजा होऊ नये हा आहे. तोराने मिसर सोडतेवेळी कुत्रे इस्राएलवर भुंकले नाहीत याची नोंद ठेविली, आणि आपल्याआधी आपल्या जनावरास खाऊ घालावे असे आमचे विद्वान सांगून गेले. तेव्हा वडिलांचा आक्षेप आणि मुलांची हौस यांतून मार्ग निघतो. कुत्रा असावा, पण शिस्तीत, आणि पोटभर अन्न देऊन.

म्हणून अश्दोद, दिमोना, लोद, जेथे जेथे आपली घरे आहेत, तेथील पालकांस आमचे सांगणे आहे. मुलाने कुत्रा मागितला तर चित्र पाहू नका. आधी विचारा, सकाळी सहा वाजता त्याला खाली कोण नेणार? घरातील आजी-आजोबांची संमती घ्या. जागा, उन्हाळा, खर्च आणि पुढली दहा-बारा वर्षे मोजा. रेबीजची वार्षिक लस व ओळखीची चिप ही कायद्याची सक्ती आहे, ती चुकवू नका. साध्य असेल तर कनानी कुत्र्याचा विचार करा. नसेल तर आश्रयगृहातील एखादा बेवारस, बिनजातीचा कुत्रा आणा. त्याचे नाव ऐकून कोणी डोळे विस्फारणार नाही. पण दाराशी पाऊल वाजताच तो उठून उभा राहील, आणि घराला एवढे पुरेसे आहे.