नोझल पितळेचं की पोलादाचं?

घरात थ्रीडी प्रिंटर आला की सगळं लक्ष फिलामेंटच्या रंगांकडे जातं. नोझल म्हणजे शेंगदाण्याएवढा तुकडा, त्याला ०.४ मिलिमीटरचं भोक. त्याच्याकडे बघतो कोण?

प्रिंटरसोबत येतं ते बहुतेक वेळा पितळेचं. पितळ कापायला सोपं; उद्यमबागेत लेथवर काम करणाऱ्या कुणालाही विचारा. शिवाय त्यातून उष्णता स्टेनलेस स्टीलच्या साधारण सातपट वाहते. आईला हे पुस्तक न वाचता ठाऊक असतं: पातळ स्टीलच्या पातेल्यात दूध तळाला लागतं, म्हणून तर तांब्याच्या बुडाची पातेली आली. साध्या पीएलए किंवा पीईटीजीसाठी पितळच ठेवा, उगाच पैसे घालू नका.

अडचण सुरू होते ती गणपतीच्या मखरासाठी अंधारात चमकणारं फिलामेंट आणलं की. त्यातली पूड बहुधा स्ट्रॉन्शियम ॲल्युमिनेटची असते, पितळेपेक्षा कितीतरी कठीण. कार्बन फायबरचंही तेच. भोक आतून घासून मोठं होतं, टोक बोथट होतं, रेषा जाड पडतात, आणि आपण मात्र सेटिंग बदलत बसतो.

अशा कामाला पाणी दिलेलं पोलाद हवं. विळ्या-कोयत्याला लोहार देतो तसंच पाणी. ते टिकतं, पण उष्णता सावकाश पोचवतं. म्हणून तापमान ५ ते १० अंश वाढवून बघा. निकेलचा मुलामा दिलेलं तांबं उष्णतेत पितळेच्या तिप्पट सरस, पण मुळात मऊ. टंगस्टन कार्बाइडमध्ये दोन्ही गुण आहेत, फक्त किंमत ऐकून बसायला खुर्ची लागते. स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठात अँडर्स ओल्सन यांना बोरॉन कार्बाइड मिसळलेलं प्लॅस्टिक छापायचं होतं. त्यापुढे नेहमीची नोझल टिकेनात, तेव्हा त्यांनी पितळेच्या नोझलला कृत्रिम माणकाचं टोक बसवलं. ते आज विकतही मिळतं.

आता मोदकाच्या साच्याचं. सहज कापलं जाणारं पितळ म्हणजे त्यात बहुधा दोन-तीन टक्के शिसं. म्हणून खाण्याशी संबंधित वस्तूंसाठी स्टेनलेस स्टीलचं नोझल सुचवतात. पण माझं मत विचाराल तर तेवढ्याने भागत नाही. छापलेल्या थरांच्या खाचांत उकड अडकते, ती धुऊन निघत नाही आणि तिथे जंतू वाढतात. पीएलए तर उकळत्या पाण्यात वाकडंच होतं. छापलेला साचा शोभेला ठेवा, मोदक आजीच्या साच्यात होऊ देत.

नोझल बदलताना ते गरम असतानाच सोडवा आणि गरम असतानाच आवळा. हीटर ब्लॉक दुसऱ्या पान्याने धरून ठेवा. ब्लॉक बहुधा ॲल्युमिनियमचा असतो. पोलादी नोझल जोरात पिळलं तर आटे त्याचेच जातात.