चूल कुणाच्या नावावर?

घरी पदार्थ करून विकणाऱ्या बायकांना अन्न नोंदणीच्या कटकटीतून सूट द्यावी, असं आपल्यापैकी अनेकजणी म्हणतात. मला ते पटत नाही. सूट म्हणजे पुन्हा ‘बायका काय, फावल्या वेळात चार पापड लाटतात’ हेच. अन्न सुरक्षा कायदा २००६ चा. २०११ च्या नियमावलीने वर्षाला १२ लाखांपर्यंत उलाढाल असलेल्यांसाठी परवान्याऐवजी साधी नोंदणी ठेवली, फी वर्षाला १०० रुपये. पिण्यायोग्य पाणी, झाकलेलं अन्न, आजारी असताना त्याला हात न लावणं, यात जाचक काय आहे? उलट पाकिटावर १४ आकडी क्रमांक असला की पडेल भाव सांगताना दुकानदार जरा कचरतो.

अडतं ते दुसरीकडे. ओळखपत्रावरचा पत्ता आणि चुलीचा पत्ता एकच असेल तर निभावतं. नसेल तर जागेचा पुरावा आणा: वीजबिल, भाडेकरार, मालकाचं संमतीपत्र. आता यातला कुठला कागद बाईच्या नावावर असतो?

आमच्या गटातली एकजण नवऱ्याने टाकलेली, दोन मुलींना घेऊन भावाकडे राहते. भाजणी, चकली करते, दिवाळीत अनारसे. आधार कार्डावर अजून सासरचाच पत्ता. भावाला संमतीपत्र मागितलं. भाऊ वाईट नाही, बहिणीला त्याने थारा दिलाय. पण सहीचं नाव निघताच त्याला वाटलं, ही उद्या घरात वाटा मागणार. (वडिलांच्या घरात तिचा वाटा आहेच, पण तो विषय काढला तर राहायचं कुठे?) वहिनी दोन दिवस बोलली नाही. हिने अर्ज गुंडाळून ठेवला. आता ओळखीपाळखीतच विकते, बिनक्रमांकाची, आणि उद्या कुणी तक्रार केली तर बेकायदा ठरणार तीच. भाड्याच्या खोलीतल्या बायकांची तऱ्हा वेगळी नाही. घरमालक करारच करत नाही, संमतीपत्र कुठून देणार?

१९७५ साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. गिरणी कामगारांना जेवू घालणाऱ्या खानावळवाल्या बायकांपाशी तारण ठेवायला काही नव्हतं. तेव्हा त्या एकमेकींना जामीन राहिल्या आणि बँकांनी कर्ज दिलं. बँकेला जे चाललं ते अन्न खात्याला का चालू नये? ग्रामपंचायतीच्या नमुना आठवर घर दोघांच्या नावे करण्याची सोय महाराष्ट्रात आहे, ती वापरायलाच हवी. पण टाकलेल्या बाईला, भाडेकरणीला तिचा काय उपयोग? बचत गटातल्या तिघींनी ‘ही इथे राहते, इथेच रांधते’ असं लिहून दिलं, तर तोच जागेचा पुरावा धरावा. तपासायला माणूस खुशाल पाठवावा, त्याने मोरी बघावी, पिंप बघावं, डबे उघडून बघावेत. नवऱ्याची, भावाची किंवा घरमालकाची सही मात्र मागू नये.