विकत घेतलेले, परंतु विकता न येणारे

ढोकीच्या शिवारात जमिनीचा व्यवहार निघाला की बांध आणि विहिरीचे पाणी यांची चर्चा होण्यापूर्वी जाणता माणूस सातबारा मागतो आणि धारणा भोगवटादार वर्ग १ ची की वर्ग २ ची, एवढे आधी पाहून घेतो. कारण वर्ग २ च्या जमिनीत नांगर आपला, पीक आपले, शेतसाराही आपणच भरायचा, परंतु सरकारच्या परवानगीवाचून ती दुसऱ्याच्या नावे करता येत नाही, आणि हे बंधन दप्तरी नोंदलेले असल्यामुळे घेणाऱ्याची फसगत टळते. संगणकावरचे खेळ व सॉफ्टवेअर विकणारी दुकाने मात्र वर्ग २ चा माल वर्ग १ च्या भावाने खपवीत आहेत. बटणावर ‘खरेदी करा’ असे लिहावयाचे आणि कोणी न वाचणाऱ्या करारनाम्यात तो केवळ अहस्तांतरणीय परवाना असल्याचे कलम घालावयाचे, ही रीत मला सर्वथा अन्याय्य वाटते. तेरणा साखर कारखान्याचा भाग सभासदाच्या पश्चात वारसाच्या नावे चढतो. स्टीम या संगणकीय खेळांच्या ऑनलाइन दुकानातले खाते, त्यात हजारोंचे खेळ असले तरी, करारानुसार दुसऱ्याला देता येत नाही.

आपला कायदा इतका कठोर नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीने, प्रत पूर्वी विकली गेली असली तरीही संगणकीय आज्ञावलीच्या विक्रीचा हक्क मूळ धन्याकडेच ठेवला होता. ते शब्द संसदेने १९९९ साली वगळले, आणि २ मार्च २०२१ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने, वाद प्राप्तिकराचा असतानाही, पहिल्या विक्रीबरोबर त्या प्रतीवरील धन्याचा हा हक्क संपतो, असाच त्या वगळण्याचा अर्थ लावला. कायद्याने काढलेली कडी करारनाम्याने पुन्हा घातली आहे.

युरोपीय न्यायालयाने ३ जुलै २०१२ रोजी, विकणाऱ्याने स्वतःची प्रत निरुपयोगी करावी या अटीवर, उतरवून घेतलेल्या सॉफ्टवेअरची पुनर्विक्री वैध ठरविली. खेळांच्या बाबतीत पॅरिसच्या न्यायालयाने २०१९ मध्ये ग्राहकांना दिलेला कौल अपिलात २०२२ साली फिरला. जुनी डिजिटल प्रत नवीइतकीच निर्दोष राहते, हा त्यामागील आक्षेप हलका नव्हे. बैलाचे दात पाहून किंमत उतरते, तसे येथे घडत नाही. तथापि खेळाची नवलाई ओसरते, आणि विकणाऱ्याच्या हातून प्रत गेल्यावर खेळणाऱ्यांची संख्याही वाढत नाही. लहान निर्मात्याचे पोट सांभाळण्यासाठी पहिले वर्षभर हस्तांतरणास मनाई ठेवावी. ती मला मान्य आहे.

परंतु ज्या घरात थोरल्याची पुस्तके धाकटा वापरतो आणि मग ती निम्म्या किमतीत तिसऱ्याच्या घरी जातात, त्या घराने त्याच काटकसरीने साठविलेला पैसा कायमचा अडकून पडावा, हे चालू देता कामा नये. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून, केवळ परवाना देणाऱ्या दुकानाला तसे स्पष्ट सांगितल्यावाचून ‘खरेदी’ हा शब्द वापरता येत नाही. आपल्या केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने निदान एवढी नोंद त्या बटणाशेजारी, मराठीत आणि ठळक अक्षरांत, सक्तीची करावी; हस्तांतरणाचा हक्क संसदेकडे मागावा लागेल, आणि तो मागितला पाहिजे.