पोलिसांचे मनोबल आणि निदानपरिवर्जन

पोलिसांसाठी तणावमुक्ती शिबिरे भरविण्याची प्रथा आता चांगलीच रुळली आहे. प्राणायाम, व्याख्यान आणि शेवटी चहा-बिस्किटे. आपले अनेक सभासद तेथे निःशुल्क सेवा देतात, हे स्तुत्यच आहे. तथापि आमची एक हरकत आहे. चिकित्सेचे पहिले सूत्र निदानपरिवर्जन. ते वगळून मनोबलाचे धडे देणे म्हणजे रात्रभर जागलेल्या रुग्णास सकाळी धीर कसा धरावा हे शिकविणे होय.

आहार, निद्रा व ब्रह्मचर्य हे शरीराचे तीन उपस्तंभ. गणेशोत्सवाच्या वा आषाढी वारीच्या बंदोबस्तावरील शिपायाचे पहिले दोन तर उघडच ढासळलेले असतात. जेवणास वेळ नाही, रात्रीची झोप नाही. महिला पोलिसांना तर मूत्रवेगही तासन्‌तास रोखावा लागतो. वेगधारणाचे दुष्परिणाम सांगण्यासाठी चरकसंहितेच्या सूत्रस्थानात स्वतंत्र अध्याय योजिला आहे, हे आपणांस सांगावयास नको. रात्रिजागरणाने रूक्षता येते व वात वाढतो. मग चिडचिड, धडधड, अनिद्रा यांचे मूळ मनाच्या दुबळेपणात शोधावयाचे की कामाच्या पाळीत? मुंबईत देवनार पोलीस ठाण्यात मे २०१६ मध्ये आठ तासांच्या पाळीचा प्रयोग सुरू झाला व पुढे तो शहरातील इतर ठाण्यांत नेण्यात आला. आमच्या मते दहा शिबिरांपेक्षा हे पाऊल अधिक आयुर्वेदीय होते.

औषधविक्रेत्या बंधूंना मात्र एक गोष्ट स्पष्ट सांगणे भाग आहे. गणवेशातील माणूस मनाच्या तक्रारी घेऊन वैद्याकडे सहसा जात नाही. कोठे नोंद झाली तर बढती अडेल, अशी भीती त्यास असते. तो थेट दुकानात येतो आणि झोपेसाठी काहीतरी मागतो. अशा वेळी सर्पगंधेच्या गोळ्या सहज पुढे करू नयेत. तिच्यातील रिसर्पिन रक्तदाब उतरविते, आणि आधीच खिन्न असलेल्या रुग्णाची खिन्नता अधिक गडद करू शकते. या रुग्णाच्या हाताशी पुष्कळदा शस्त्र असते, हेही विसरता कामा नये.

सत्त्वावजय हे आपल्या शास्त्राचे मोठे धन खरे. पण ज्याच्या बोलण्यात मरणाचे विचार डोकावतात त्यास ब्राह्मी-जटामांसी देऊन घरी धाडणे आम्हांस मान्य नाही. त्यास त्याच दिवशी, शक्य तर घरच्या माणसासह, मानसरोगतज्ज्ञाकडे पोहोचवावे. ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर टेलि-मानस ही शासकीय सेवा निःशुल्क सुरू आहे. तेथे बोलण्यास वरिष्ठांच्या परवानगीची गरज नाही. हा क्रमांक प्रत्येक सभासदाने चिकित्सालयात व दुकानाच्या गल्ल्याजवळ ठळक अक्षरांत लावावा.