रोजनामच्यातली एक ओळ

चंदीगड शहर पाहुण्याला फार शिस्तीचे वाटते. सरळ रस्ते, आकडे दिलेले सेक्टर, दुतर्फा झाडे. पण घरातले माणूस संध्याकाळी परतले नाही, की याच आखीव शहरात पहिला प्रश्न उभा राहतो तो हद्दीचा. शहर केंद्रशासित, त्याचे पोलीस वेगळे. एका अंगाला मोहाली, तिथे पंजाबचे पोलीस. दुसऱ्या अंगाला पंचकुला, तिथे हरियाणाचे. माणूस राहतो एकीकडे, नोकरी करतो दुसरीकडे आणि दिसेनासा होतो तो तिसरीकडे. मग तक्रार लिहून घ्यायची कोणी?

आणि ज्यांनी लिहून घ्यायची, त्यांच्यावरच माणूस नेल्याचा आरोप असेल तर?

बलवंतसिंग मुलतानी हे मोहालीत राहणारे, चंदीगडच्या ‘सिटको’ या सरकारी महामंडळात कनिष्ठ अभियंता होते. वडील आयएएस अधिकारी. २९ ऑगस्ट १९९१ रोजी चंदीगडचे तेव्हाचे वरिष्ठ पोलीस अधीक्षक सुमेधसिंग सैनी यांच्या ताफ्यावर बॉम्बहल्ला झाला. सैनी बचावले, पण त्यांच्या सुरक्षेतली माणसे मारली गेली. त्यानंतर डिसेंबरात पोलिसांनी मुलतानींना नेले. ते पुन्हा घरी आले नाहीत. पोलिसांच्या कागदावर लिहिले गेले, की गुरदासपूर जिल्ह्यातल्या कादियानच्या पोलिसांच्या ताब्यातून ते पळून गेले. कुटुंबाचे म्हणणे असे, की छळ झाल्याने ते कोठडीतच मेले आणि पळून गेल्याची नोंद ही केवळ बनवाबनवी आहे.

कागदावरची ती ओळ खोडायला किती वर्षे लागावीत? उच्च न्यायालयाच्या आदेशावरून २००८ मध्ये सीबीआयने गुन्हा नोंदवला. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये तो तांत्रिक कारणांनी रद्द केला, मात्र नव्याने दाद मागण्याची वाट मोकळी ठेवली. भावाच्या तक्रारीवरून मोहालीच्या मटौर ठाण्यात पुन्हा गुन्हा दाखल झाला तो मे २०२० मध्ये, म्हणजे २८ वर्षांनी. दोन माजी पोलीस माफीचे साक्षीदार झाल्यावर त्यात खुनाचे कलमही लागले. सैनी पुढे पंजाबचे पोलीस महासंचालक होऊन निवृत्त झाले होते. त्यांनी आरोप नाकारले आहेत, आणि त्यांना २०२० च्या डिसेंबरात अटकपूर्व जामीन मिळाला. आरोप खरे की खोटे, हे ठरवणे न्यायालयाचे काम. पण एका आयएएस अधिकाऱ्याच्या घरची ही कथा, तर ज्याला ठाण्याची पायरीही चढू दिली जात नाही, त्याचे काय होत असेल?

ते दिवस दहशतवादाचे होते हे खरे. पोलीस मरत होते, त्यांच्या घरची माणसेही मारली जात होती. तरी त्या धुमाळीत किती माणसे कुठे गेली, हे पोलिसांच्या दप्तरातून कळले नाही. कळले ते स्मशानाच्या वहीतून! अमृतसरचे जसवंतसिंग खालरा हे बँकेत काम करणारे गृहस्थ. त्यांनी बेवारस म्हणून जाळलेल्या प्रेतांसाठी दिलेल्या लाकडांचे आणि अंत्यसंस्काराचे हिशेब चाळले आणि ते जगापुढे मांडले. ६ सप्टेंबर १९९५ रोजी त्यांनाही घरासमोरून पळवून नेण्यात आले. पत्नीने सर्वोच्च न्यायालयाचे दार ठोठावले, तपास सीबीआयकडे गेला. सीबीआयच्या मोजणीत असे २०९७ अंत्यसंस्कार निघाले. त्यातल्या ५८५ जणांची ओळख पूर्ण पटली, २७४ जणांची अर्धीमुर्धी, उरलेल्या १२३८ जणांची अजिबात नाही. खालरांच्या प्रकरणात २००५ मध्ये पोलिसांना शिक्षा झाल्या. २००७ मध्ये चंदीगडच्या उच्च न्यायालयाने त्या जन्मठेपेपर्यंत वाढवल्या आणि २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या कायम केल्या. लाकडाच्या वखारीने जो हिशेब ठेवला, तो ठाण्याने ठेवला नव्हता.

या अनुभवातूनच चंदीगडच्या पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयात एक पद्धत चांगली रुळली. पोलिसांनी माणूस बेकायदा डांबल्याचा अर्ज आला, की न्यायालय आपला ‘वॉरंट ऑफिसर’ नेमते. तो ठाण्यावर जातो, कोठड्या पाहतो आणि रोजनामचा उघडायला लावतो. रोजनामचा म्हणजे आपल्याकडची स्टेशन डायरी. माणूस आत आहे आणि अटकेची ओळ वहीत नाही, असे आढळले तर पोलिसांची पंचाईत होते. हे काम शोधपथकाचे नव्हे, वही तपासणाऱ्याचे. पण त्याने अनेकांची सुटका झाली आहे.

अर्थात बहुतेक घरांवर येणारा प्रसंग वेगळा असतो. मुलगी क्लासहून आली नाही, म्हातारे वडील फिरायला गेले ते परतले नाहीत. ठाण्यात ऐकायला मिळते, ‘२४ तास वाट पाहा, येईल.’ मुलगी असेल तर त्यापुढचे, जिभेवर ठेवलेलेच वाक्य, ‘कुणाबरोबर गेली असेल.’ वास्तविक २४ तास थांबायला सांगणारा कोणताही कायदा या देशात नाही. बेपत्ता मुलाची तक्रार आली, की ते पळवले गेले आहे असे गृहीत धरून एफआयआर नोंदवा, असे सर्वोच्च न्यायालयाने १० मे २०१३ रोजी सांगितले. त्याच वर्षी १२ नोव्हेंबरला ‘ललिता कुमारी’ निकालात घटनापीठाने ठरवले, की दखलपात्र गुन्ह्याची खबर मिळाली तर एफआयआर नोंदवणे पोलिसांवर बंधनकारक आहे. ते प्रकरणही अपहृत मुलीच्या वडिलांची तक्रार न घेण्यातूनच उभे राहिले होते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या संहितेने हद्दीची सबबही काढून घेतली. गुन्हा कुठेही घडो, कोणत्याही ठाण्याने खबर लिहून घ्यायची आणि योग्य ठाण्याकडे पाठवायची. नवे कायदे पूर्णपणे अमलात आणणारा पहिला प्रदेश म्हणून चंदीगडचे नाव ३ डिसेंबर २०२४ रोजी तिथेच मोठ्या समारंभाने जाहीर झाले. तीन पोलीस दले शेजारी नांदणाऱ्या शहराला या तरतुदीची सगळ्यांहून जास्त गरज होती.

सज्ञान माणसाच्या बाबतीत मात्र कायदा एवढा सढळ नाही. घातपाताचा संशय नसेल तर ‘मिसिंग’ची नोंद होते, एफआयआर नाही, आणि मिसिंगची फाईल एकदा कपाटात गेली की धूळ खाते. ती खाऊ न देणारा पोलीस भेटणे हे नशीब. मुंबईत अंधेरीच्या डी. एन. नगर ठाण्यातले सहायक उपनिरीक्षक राजेंद्र भोसले हे तसे. २००८ ते २०१५ या काळात त्यांच्याकडे १६६ बेपत्ता मुलींची प्रकरणे आली, त्यांतल्या १६५ मुली सापडल्या. उरलेली एक, जानेवारी २०१३ मध्ये शाळेच्या वाटेवरून गेलेली सात वर्षांची पोर, तेवढी सापडेना. भोसले २०१५ मध्ये निवृत्त झाले, तरी तिचा फोटो जवळ बाळगून विचारपूस करीत राहिले. ऑगस्ट २०२२ मध्ये ती सापडली, घरापासून फार लांब नव्हे! इंटरनेटवर तिच्या हरवल्याचे जुने पोस्टर मिळाले आणि त्यावरच्या क्रमांकांपैकी चालू राहिलेल्या एका क्रमांकावर फोन लागला, म्हणून.

तेव्हा पोस्टरवर दिलेला फोन बदलू नये. ठाण्यात जाताना अलीकडचा फोटो, अंगावरच्या कपड्यांचे वर्णन, खुणा आणि फोन नंबर लिहूनच न्यावे, कारण घाबरलेल्या माणसाला तोंडी सांगताना निम्मे आठवत नाही. तक्रारीच्या प्रतीवर तारीख, वेळ आणि शिक्का घ्यावा. एफआयआरची प्रत फुकट मिळते, तो तक्रारदाराचा हक्क आहे. तक्रार घेतलीच नाही तर तीच खबर पोलीस अधीक्षकांना पोस्टाने पाठवावी आणि तरीही हालचाल नसेल तर मॅजिस्ट्रेटकडे जावे.

ही पावती जपून ठेवण्याचे आणखी एक कारण आहे, ते बोलायला जड वाटते. केंद्र सरकारचा नोकर किंवा पेन्शनर बेपत्ता झाला, तर पोलिसांत नोंद केल्यापासून सहा महिन्यांनी कुटुंबाला पेन्शन मागता येते. इतरांना विमा, बँक, घर यांसाठी सात वर्षे थांबावे लागते. इतका काळ ज्याची काही खबर नाही तो मृत, असे तेव्हाच कायदा मानतो. त्या दिवशी टेबलापलीकडचा कारकून पहिला कागद मागतो तो पोलीस ठाण्यातल्या नोंदीचा.